सात हंड्यांची मोजणी

दारव्ह्याहून जीप भरभरून माणसं आमच्या गावात उतरत होती. त्या साली बोंडअळीनं कापूस पोखरला होता, आणि माझ्या थोरल्या भावाच्या, सदाशिवरावांच्या, वावरात एका महाराजांना गुप्तधन दिसलं होतं. हंडे मोजणार होती त्यांचीच साडेतीन वर्षांची लेक, माझी भाची निकिता.

"बोल माय, जमिनीत हंडे किती?"

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात..."

महाराजांनी टणकन घंटा वाजवली. पोर थांबली. तिच्या तोंडात खडीसाखर पडली.

"सात! देवीनं मोजले. उद्या अवसेले पोरगी एकटीच खड्ड्यात उतरन."

खड्डा पुरुषभर खोल होता. लोक हात जोडून उभे.

बालवाडीच्या शीला मॅडम पुढं आल्या. "अजून एकदा मोजू द्या. घंटा फक्त दुसऱ्याच्या हाती."

"देवीची घंटा कोनाले देत नसते, बाई."

"विमलताईले द्या ना." मॅडमनी माझ्याकडं बोट दाखवलं. "देवीच्या नावानं अर्धा हप्ता उपाशी राह्यते ते. तिच्यावर देवी कायले रुसन?"

लोक हसले. महाराजांचा इलाज चालेना. मी घंटा घेतली आणि ती वाजू नये म्हणून लोलक मुठीत धरला.

निकिता सातच्या पुढं गेली. "आठ, नऊ, दहा, बारा, चौदा, एकोणीस, दहा..." आणि खडीसाखरेसाठी आ वासून बसली.

"पन आकडे तर येतेत ना तिले?" सदाशिवराव म्हणाले.

"तिची माय झोका देताना म्हनते, तेच पाठ हाय." मॅडमनी चिंचोके मांडले. "निकिता, मले पाच दे."

पोरीनं मूठभर दिले.

"आता दोन दे."

तिनं बरोबर दोनच दिले.

"पाहा भाऊ. लेकरू आकडे आधी तोंडानं शिकते, गाण्यासारखे. पाच म्हंजे किती, हे मागून समजते. दोन भाकरी, तीन बकऱ्या, असं घरात बोलता बोलता. जिले पाच चिंचोके देता येत नाही, ते मातीखालचे हंडे कशी मोजन?"

'नजर लागली, नजर लागली' पुटपुटत महाराज जीपकडं सटकले.

संध्याकाळी आम्ही खड्डा बुजवायला गेलो. मॅडमनी विचारलं, "भाऊ, लेकीले वर काढाची शिडी कुठं हाय?"

सदाशिवरावांनी हातातलं फावडं खाली टाकलं. मग म्हणाले, "महाराज शिडी आनू नका म्हनले होते." म्हणजे पोरीला वर येऊच द्यायचं नव्हतं.

मी आजही रोज देवापुढं दिवा लावते. पण बायांनो, कोणी देवाच्या नावानं तुमचं लेकरू मागितलं, तर हात जोडण्याआधी त्याची परीक्षा घ्या. देव त्यानं रागावत नाही.