दाढा सूर्याला देणाऱ्या गावातली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. साधीसुधी नव्हे, दातांच्या डॉक्टरांची! मित्रांनो, माझ्यावर कुणी आपणहून बसत नाही, बसवावं लागतं.

माझी उमेदीची वर्षं कैरोच्या एका मोठ्या दवाखान्यात गेली. अत्तर लावलेल्या बायका माझ्यावर बसून दात चमकवून घेत. मग माझं कातडं फाटलं, मान करकरू लागली, आणि मालकाने पुण्य म्हणून मला फय्यूमकडच्या एका गावाला देऊन टाकलं. गाढवाच्या गाडीवरून माझी वरात निघाली ती मशिदीशेजारच्या खोलीत थांबली. तिथे डॉक्टर मग्दा दर गुरुवारी येतात.

माझ्याआधी गावाचे दात उस्ताद फर्गली न्हाव्याच्या चिमट्यात होते. दुखला की उपट, एवढंच त्याचं वैद्यक. उपटलेला दात पोरं उन्हात आभाळाकडे भिरकावत नि ओरडत, "सूर्या, म्हशीचा दात घे, नवरीचा दात दे!" दुधाच्या दातांपुरता सूर्य शब्द पाळायचा. पण हे भाबडे लोक पक्क्या दाढाही भिरकावत आणि वाट बघत बसत.

एका गुरुवारी वीटभट्टीवरचा शहाता आपल्या नऊ वर्षांच्या रावियाला घेऊन आला. पोरीचा गाल टम्म फुगला होता.

"उपटून टाका, डॉक्टरीणबाई. फर्गली भाच्याच्या लग्नाला गेलाय, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता."

"ही पक्की दाढ आहे, उपटायची नाही, भरायची. आज औषध घालते, पुढच्या गुरुवारी परत आणा."

"परत? माझा अजून एक दिवस बुडेल! उपटा हो. ऊन झकास पडलंय, सूर्य दुसरी देईल."

डॉक्टर मग्दांनी कपाळाला हात लावला. "शहाताभाऊ, तुम्ही आ करा बघू."

"मी? अहो, दुखतंय हिचं!"

"करा म्हणते ना!"

शहाताने आ केला. डावीकडे एकही दाढ नव्हती.

"या कधी दिल्यात सूर्याला?"

"हिच्याएवढा होतो तेव्हापासून, एकेक करून."

"मग? आल्या परत?"

शहाता जिभेने ती भगदाडं चाचपू लागला. "मला वाटलं, माझाच नेम चुकला असेल," तो पुटपुटला.

गाल धरूनही राविया खुदकन हसली. मीही करकरले. पण बापाचं तोंड उतरलं. पंचवीस वर्षं तो एका बाजूने भाकरी चावत होता आणि दोष स्वतःला देत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.

"भरा," तो म्हणाला. "दोनदा काय, दहादा आणतो."

रावियाची दाढ वाचली, आणि गावभर बोभाटा झाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी दारात बावीस मुलं उभी! डॉक्टर एक, खुर्ची एक. दहा मुलं तपासून होईपर्यंत दिवस कलला. उरलेली मुलं गालात लवंग धरून परत निघाली. त्यांतली एक चिमुरडी मागे वळली, माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या गुरुवारपर्यंत माझी दाढ थांबेल का गं?"

मित्रांनो, मी आजवर हजारो तोंडं पाहिली, पण मला स्वतःला तोंड नाही. तुम्हाला आहे. कुणाला तरी सांगा ना, या गावाला आठवड्यात आणखी एक गुरुवार हवा आहे.