बारा ते दोन

मायाप्पाला त्या सायकलवाल्यांचा राग येत नव्हता, हे आधीच सांगतो. राग यायलाही अंगात जोर लागतो. साठी ओलांडलेला माणूस, चाळीस वर्षं चिंताकी गावच्या शिवारातून पलीकडच्या राखीव रानात मेंढरं हाकून गुडघ्यांचं पार भुस्कट झालेलं. त्याला आता सगळ्याचा कंटाळा येत होता. "आले वाटतं पुन्हा," म्हणायचा आणि काठीवर हनुवटी टेकून उभा राहायचा.

येणारी माणसं बिदरची. रविवार उजाडला की मोटारींच्या टपावर जाड टायरच्या सायकली बांधून यायची. हातात मोजे, अंगात पोपटी सदरे. मेंढरांच्या पायवाटेनं ती रानाच्या माथ्यावर चढायची आणि सुसाट खाली यायची. अहो, उतरायचंच तर सावकाश उतरा की! पण न्हाई. साठ मेंढरं दहा दिशांना फुटायची, आणि ती गोळा करता करता मायाप्पाच्या बायकोचा, नागूबाईचा, घसा बसायचा.

"ह्येंला घरी कामधंदा न्हाई का काय?" ती विचारायची.

"आठवडाभर कंपनीत बसून अंग आंबतंय म्हणं त्येंचं."

"मग माझ्याकडं धाडा की अवो. चार पाट्या शेण उचलू दे."

तक्रार जंगलखात्याच्या गार्डपर्यंत गेली. ईरण्णा हा गार्ड, घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारा. माणूस वाईट नव्हता, फक्त वरून कागद आला की त्यातलं अक्षर न् अक्षर पाळायचा. त्यानं तोड काढली. "सायकलीला येगळी वाट देऊ. मेंढरांची वाट मेंढरांला. रान तुझ्याएवढं कुणाला ठावं हाय मायाप्पा? तूच दाखव."

आता मायाप्पानं डोकं चालवलं. त्यानं दाखवली घसरंडी. माथ्यावरून पाण्याच्या झरीपर्यंत उतरणारी ती घळ म्हणजे निव्वळ धोंडे, मुरूम आणि वर आलेली मुळं. शेळीसुद्धा तिथं पाय टाकताना दोनदा विचार करायची. एकदा ही वाट बघितली की मंडळी हात जोडून घरी जातील आणि परत तोंड दाखवणार नाहीत, असा त्याचा बेत.

सायकलवाल्यांचा म्होरक्या प्रशांतकुमार, बिदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यात इंजिनिअर. तो घळीच्या तोंडाशी उभा राहिला. खाली बघितलं. पायानं एक धोंडा लोटून तो कुठवर गडगडतो ते बघितलं. मायाप्पा मनातून खूश.

"मायाप्पण्णा," शेवटी तो म्हणाला, आणि त्यानं चक्क मायाप्पाचे दोन्ही हात धरले, "अहो, असली वाट आम्ही पार हैदराबादेपर्यंत शोधत होतो!"

घ्या! झालं का आता?

दोन महिन्यांत घसरंडीचं नाव झालं. उदगीरहून, कलबुर्गीहून माणसं यायला लागली. रविवारचा शनिवार-रविवार झाला, मग अधलेमधले वारही गेले. घसरंडी उतरली की दमलेली माणसं झरीवर टेकायची, पाण्यात पाय सोडायची, फोटो काढायची. भली माणसं होती, कचरासुद्धा पिशवीत भरून परत न्यायची. पण मेंढराला भलंबुरं काय कळतंय? पाण्यापाशी पोपटी सदरा दिसला की पुढचं मेंढरू थबकायचं, आणि ते थबकलं की मागची एकोणसाठ थबकली. त्या रानात दुसरं पाणी नव्हतं, आणि वस्तीतल्या बोअरचं माणसांनाच पुरत नव्हतं. मेंढरं तहानलेली परतायची, आणि त्या दिवशी दोघा नवराबायकोला भाकर गोड लागायची नाही.

संक्रांतीच्या सुमाराला मायाप्पा ईरण्णाच्या चौकीवर गेला. प्रशांतकुमार तिथंच होता. सगळं ऐकून त्याला खरोखर वाईट वाटलं. त्यानं खुर्ची पुढं केली, पण मायाप्पा उंबऱ्याशीच टेकला.

"तुम्ही वेळ सांगा अण्णा," प्रशांतकुमार म्हणाला. "त्या वेळेत आमचं एकही माणूस झरीवर दिसणार नाही. माझा शब्द."

इथं खरं तर सांगायचं होतं की बाबा, दिवसभराचं पाणी आमचं, तुमी कवातरी येऊन जावा. पण समोर चहा आलेला, माणूस एवढं गोड बोलायलाय, मग आपण तोंड वासायचं तरी किती? पंक्तीत पोट रिकामं असलं तरी ताटावर हात धरून "बास, बास" म्हणणारा माणूस तो. दिवस थंडीचे होते. दवानं गवत ओलं असायचं, मेंढरं दिवसातून एकदाच, ऊन डोक्यावर आलं की पाणी प्यायची.

"बारा ते दोन सोडा सायेब," मायाप्पा म्हणाला.

"एवढंच?"

"दोन घंटे लई झाले की."

आठ दिवसांत झरीवर पाटी लागली. कन्नडमध्ये, इंग्रजीत, आणि मायाप्पासाठी म्हणून मुद्दाम मराठीतही. मायाप्पाला वाचता येत नव्हतं. पाटीवर मेंढीचं चित्र होतं, ते बघून तो हसला.

"ल्हिवलंय काय?" नागूबाईनं विचारलं.

"आपलं टायम."

एप्रिल लागला. असलं ऊन की सायकलवाले फिरकेनात. दहा दिवसांत घसरंडीवरून एक चाक उतरलं नव्हतं. उन्हाळ्यात मेंढराला सकाळी नवाला पाणी लागतं आणि दिवस कलल्यावर पुन्हा. भर बाराला ते एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी खुपसून उभं राहतं, काठी मोडली तरी जागचं हलत नाही. हे कुणाला सांगायचं असतं, असं मायाप्पाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ऊन सरकलं, वेळ सरकली, त्यात सांगायचं काय?

एका बुधवारी सकाळी दोघं मेंढरं घेऊन झरीवर आली, तर ईरण्णा वाटेत उभा.

"थांब मायाप्पा. बारा वाजू दे."

मायाप्पाला वाटलं, चेष्टा करायलाय. "सायकली कुटं हायत?"

"न्हाईत."

"मंग कामून थांबू?"

ईरण्णानं आधी पाटीकडं बोट केलं, मग झाडाला बांधलेल्या डबीएवढ्या कॅमेऱ्याकडं. "काल बसवलेत. फोटो सरळ बिदरला आमच्या हापिसात जातंय. पाटीवर ल्हिवलंय, मेंढरांला बारा ते दोन. आमचे मोठे सायेब म्हणाले, म्हंजे बाकीच्या टायमाला बंदी."

"आरं, सायकलवाल्यांनी कवा नसावं ते मी सांगितलो. आमी कवा यावं ते न्हाई!"

"मला कळतंय रे. त्येंला कोण सांगावं?"

तरी त्यानं फोन लावला. प्रशांतकुमार पलीकडून कळवळला. "अण्णा, चूक झाली हो. आजच अर्ज देतो. पण पाटी बदलायला मंजुरी लागते, आणि बैठक जूनमध्ये आहे."

"जूनमधी पाऊस पडतो सायेब," मायाप्पा म्हणाला. "तवा पाणी सगळीकडंच आसतंय."

तेवढ्यात एक म्हातारी मेंढी ईरण्णाच्या बाजूनं सटकली आणि तिनं झरीला तोंड लावलं. बाकीची तिच्यामागं रेटा द्यायला लागली.

"हाकल रे तिला, पाया पडतो," ईरण्णा कावराबावरा झाला. "एकदा फोटो गेला की वर्षभर तुला रानात पाऊल टाकू देणार न्हाईत. माझी नोकरी जाईल ती येगळीच."

मेंढरामागं वाढलेल्या पोराला चालायला यायच्या आधी एक गोष्ट कळते. लांडगा आला तरी पीत असलेल्या मेंढराला उठवत नाहीत. मायाप्पाच्या बापानं उठवलं नव्हतं, मायाप्पानं चाळीस वर्षांत उठवलं नव्हतं. तो गुडघे सांभाळत झरीत उतरला. आधी नुसतं "हुर्र" केलं. मेंढी ढिम्म. तिला वाटलं, आपलाच माणूस आहे.

मग त्यानं काठी उचलली आणि तिच्या तोंडावर मारली.

"अवो!" नागूबाई ओरडली. "पियालाय ते जित्राब!"

मायाप्पानं मागं बघितलं नाही. मेंढी दोन पावलं सरली आणि उभी राहिली. पळाली नाही. तिच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं. बाकीची आपोआप थांबली.

"किती वाजले, ईरण्णा?"

"सव्वानऊ."

मायाप्पा वर आला आणि मेंढरांच्या नि पाण्याच्या मधोमध, झरीकडं पाठ करून खाली बसला.