बायनाबाईची दस्ती

मी एक दस्ती बोलतेय. रुखमाबाईने आपलं जुनं लुगडं फाडून मला काढलं आणि स्वतःच्या हाताने सुनेच्या नाकातोंडावर बांधलं. "कापूस लय उडते तेथी," ती म्हणाली. ब्याऐंशीची दिवाळी नुकतीच झाली होती. वरोऱ्याच्या एका जिनिंगमध्ये बायनाबाई कामाला लागली, तो पहिला दिवस. रुखमाबाईचा मुलगा वारल्यापासून घरात सासू-सून दोघीच, पण मायलेकींसारख्या राहायच्या.

जिनिंगचं यंत्र, रेचा, सरकी एकीकडे टाकतो, रुई दुसरीकडे, आणि उरलेलं सगळं हवेत. जाड धूळ मी अडवायची. बारीक माझ्यातून सरळ आत जायची. मीही कापसाचीच, पण भाऊबंदांपुढे माझं काही चाललं नाही. काम सुटलं की बायका गुळाचा खडा खायच्या. गुळाने कापूस पोटात उतरतो म्हणे. छातीत गेलेला पोटात कसा उतरेल, हे कोणी विचारलं नाही.

बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद. मला धुऊन, कमरेला खोचून बायनाबाई बाजाराला निघायची. धाकटी बहीण केसर तिच्या गावाहून यायची. लिंबाखाली बसून दोघी एक आलूबोंडा अर्धा अर्धा खायच्या आणि हसत सुटायच्या. बायनाबाईचं हसणं मी ऐकलं ते तिथेच.

काही हंगाम गेले. मग बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, कामावर जाताच तिची छाती आवळू लागली. चार दिवसांनी जरा सैल पडायची.

"बाजार केला का छाती धरते," रुखमाबाई म्हणाली. "कोनाची तरी नजर लागून राह्यली तुले."

तिने मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या धुराने दोघी खोकल्या. मला सांगायचं होतं, अगं, एक दिवस धूळ नसते म्हणून छाती मोकळी होते, पुन्हा धुळीत गेली की आवळते. बाजाराने काय केलंय? पण दस्तीला दुसऱ्याचं तोंड बांधता येतं, स्वतःचं उघडता येत नाही.

नजरेच्या भीतीने बाजाराला जाणं सुटलं. त्या दिवशीही बायनाबाई जिनिंगची झाडलोट करायला जाऊ लागली. आता दुसऱ्या दिवशी वेगळं काही दुखेना. रोजच दुखत होतं.

"पाय, गेली का नाई नजर?" रुखमाबाई म्हणाली. फार मायेने म्हणाली, म्हणून तर जीव तुटतो.

केसर लिंबाखाली वाट पाहून परत जायची. शेवटी ती घरीच आली, पानात आलूबोंडा बांधून. बायनाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"खाय ना, बाई."

"दम पुरत नाई वं, केसर."

अर्धा आलूबोंडा तसाच राहिला. होळीच्या आधी बायनाबाई गेली.

रुखमाबाईने मला केसरच्या हातात दिलं. "तिच्या अंगाचा वास आहे. राहू दे." केसरने मला धुतलेलं नाही. उशाशी ठेवते, नाकाशी धरते आणि खोकते. या दिवाळीनंतर तीही त्याच जिनिंगला जाणार आहे. मलाच बांधणार म्हणते. बाजार मात्र तिने आतापासूनच सोडलाय. नजर नको म्हणते.

केसर, मला धू. तिचा वास जाईल, ठाऊक आहे मला. माझ्याकडेही तिचं दुसरं काही उरलं नाही. तरी धू. लिंबाखाली जाऊन बस, अख्खा आलूबोंडा खा. आणि दुसऱ्या दिवशी कामावर छाती आवळली, तर बाजाराला बोल लावू नकोस. जिनिंगला परत जाऊ नकोस.