कच्चा बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना स्नो ब्लोअर आहे. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा, वाटेवर साचलेला बर्फ जबड्यात घ्यायचा आणि लांब फेकून द्यायचा, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. आणि मी राहतो कुठे, तर कुंडलजवळच्या एका वस्तीवर, उसाच्या रानात! इथे बर्फ बघायचा तर रसवंतीवर. तिथे तो गोणपाटात गुंडाळून येतो आणि दुपारपर्यंत संपतो. हसा, हसा. मला त्याची सवय आहे. पण आज जे सांगणार आहे, त्यात हसण्यासारखं थोडं आणि मान खाली घालण्यासारखं फार आहे. ज्या हाताने मला सहा वर्षं ग्रीस लावलं, त्या हाताकडे मला आता बघवत नाही. तो हात बनुबाईंचा.

माझा जन्म कुपवाडच्या एका लहानशा वर्कशॉपमधला. वर हिमालयात रस्ते साफ करणाऱ्या कुणा कंत्राटदाराला अशी यंत्रं हवी होती. आधी एक नमुना करून दाखवा, म्हणाला. तो नमुना म्हणजे मी. प्रबुद्ध नावाच्या फिटरने मला जोडलं. पुढे पत्र्याचा रुंद जबडा, त्यात मळसूत्रासारखं फिरणारं आडवं पातं. हे पातं बर्फ कापून मध्ये ओढतं, मागचा पंखा तो उचलतो आणि वरच्या वाकड्या नळकांड्यातून भिरकावतो. बर्फात उठून दिसावा म्हणून मला भगभगीत केशरी रंग दिला. रंग वाळला आणि निरोप आला, की कंत्राटदाराने यंत्रं दुसरीकडून घेतली.

मग मी कोपऱ्यात उभा राहिलो. सकाळी मोटरसायकलवरून येणारे कामगार माझ्या नळकांड्याला हेल्मेट अडकवत, डब्याच्या पिशव्या पात्यावर ठेवत. दोन वर्षं मी खुंटीचं काम केलं. वाईट केलं असं कुणी म्हणणार नाही.

एक दिवस सुभेदार उदयसिंह ट्रॉलीचा हुक दुरुस्त करायला आले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी बर्फातच काढली होती, माझ्यासारखंच यंत्र चालवत. मला बघून ते जागीच थांबले. हेल्मेटं बाजूला केली आणि म्हैस विकत घेताना फिरवतात तसा माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्याबरोबर त्यांची बायको होती, बनुबाई. नवऱ्याचा चेहरा बघून त्या घाबरल्याच.

"आवं, घरात फ्रीज हाय की," त्या म्हणाल्या. "त्येवढा बर्फ बास हाय आपल्याला."

पण सुभेदारांचं ठरलं होतं. अंगणातला पाचोळा उडवीन म्हणाले, वाटेवरचं उसाचं पाचट उडवीन म्हणाले. निघताना प्रबुद्धने बनुबाईंच्या हातात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा दिला. आत काठोकाठ बोल्ट होते.

"काकी, हे जपून ठेवा," तो म्हणाला. "पात्याच्या दांड्यात हा एक बोल्ट असतो. तो मुद्दाम कच्चा ठेवलाय. आत काही अडकलं, की सगळ्यात आधी हा तुटतो आणि पातं थांबतं. म्हणून मशीन वाचतं, माणूस वाचतो. तुटला की डब्यातला नवा घालायचा. दुसरा कुठला घालायचा नाही."

"म्हंजी ह्यो तुटायसाठीच केलाय?" बनुबाईंनी विचारलं.

"तुटायसाठीच."

ते त्यांना फार आवडलं. डबा त्यांनी मांडीवर घेऊन गावापर्यंत आणला आणि घरात भिंतीतल्या देवळीत ठेवला.

गावात माझी वरात निघायचीच बाकी होती. शेजारच्या रानातला धोंडीबा, सुभेदारांचा शाळेपासूनचा सोबती, बांधावर येऊन उभा राहिला. "गड्या, मिलिटरीतनं येताना लोक ट्रंका आणत्यात," तो म्हणाला. "तू बर्फाचं मशीन आणलंस. आता बर्फ कवा आणतोस?"

तरी मी कामाला लागलो. ऊस तुटून गेला की अंगणात आणि वस्तीच्या वाटेवर पाचटाचा थर साचे. सुभेदार आधी हातात काठी घेऊन सगळी जागा टोचत फिरत. दगड, तार, दोरी, काही असलं तर उचलून बाजूला टाकत. ही त्यांची फौजेतली शिस्त. "वरनं पांढरं दिसतं, खाली काय हाय त्ये काठीला कळतं," असं ते म्हणत. मग ट्रॅक्टरवर बसून, मान मागे वळवून, मला उलटं उलटं नेत. वाळलेलं पाचट मी असं उडवायचो, की धोंडीबाचं वाळत घातलेलं धोतर पहिल्याच दिवशी त्याखाली गेलं. संध्याकाळी बनुबाई माझ्या सांध्यांत बोटाने ग्रीस भरत. उजव्या हाताचं मधलं बोट आणि शेजारचं बोट, या दोन बोटांनी. मला ती दोन्ही बोटं ओळखीची झाली होती.

पण पाचट ओलं असलं, की ते पात्याला गुंडाळायचं आणि टक्क! बोल्ट तुटायचा. सुभेदार उतरायचे, ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकायचे, पाचट काढायचे, नवा बोल्ट घालायचे. दहा मिनिटांनी पुन्हा टक्क. बांधावरून धोंडीबाचा आवाज यायचा.

"बसला व्हय तुझा बर्फवाला? पाट द्या रं त्याला. चहा द्या."

बांधावरचे सगळे हसत. सुभेदारांचे कान लाल होत. आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मलाही लाज वाटायची. माझा बोल्ट तुटणं म्हणजे मी नीट काम करणं, हे मला प्रबुद्धने जोडतानाच सांगितलं होतं. तरी चारचौघांत थांबलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लाज वाटायला नको होती तिथे आम्हा दोघांना ती वाटली. सगळं तिथून बिघडलं.

"तुटू द्या की," बनुबाई नवऱ्याला म्हणायच्या. "तुटायसाठीच हाय त्यो."

"माणसं हसत्यात, बनू."

"हसंनात. हसल्यानं काय हात तुटत्यात व्हय?"

अशी पाच-सहा वर्षं गेली आणि एका दिवाळीच्या सुमारास सुभेदार पलूसला गेले आणि दुकानातून एक पक्का बोल्ट घेऊन आले. काळा, जड, टणक. बनुबाई रानात तण भांगलायला गेल्या होत्या तेव्हा तो त्यांनी माझ्या दांड्यात घातला. त्या दिवसापासून मी थांबलो नाही. ओलं पाचट येवो, काटकी येवो, सगळं चिरडून भिरकावून द्यायचो. धोंडीबाने बांधावरून हात जोडले. "आता झालं गड्या मशीन!" मी फुगलो. पत्र्यालाही फुगता येतं, हे मला तेव्हा कळलं. दांड्यात काहीतरी चुकीचं बसलंय हे मला आतून जाणवत होतं, पण कौतुक गोड लागतं.

बनुबाईंना मात्र नवल वाटलं. "डब्यातलं बोल्ट संपंनात कसं वो?" त्यांनी एकदा विचारलं.

"मशीन सरावलंय आता," सुभेदार म्हणाले. आणि दुसरीकडे बघितलं.

मग गेल्या वर्षीची ती चैत्रातली दुपार आली. सकाळपासून अंगाची लाही होत होती. एकाएकी काळोखून आलं आणि गारा कोसळायला लागल्या. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. अर्धा तास पत्र्यावर नुसता दणदणाट. थांबल्या तेव्हा अंगण पांढरं झालं होतं, घोट्याएवढं, आणि गोठ्याच्या भिंतीशी गुडघ्याएवढं. सुभेदार दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बनू, बघ," ते म्हणाले. "आपल्या दारात."

डेअरीला दूध घालायची वेळ झाली होती आणि वाट तर बंद. धोंडीबा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आला, मागून वस्तीवरची आणखी माणसं. "गड्या, चुकलं माझं," तो ओरडला. "काढ तुझ्या बर्फवाल्याला. आज त्येचा दिवस हाय!" माणसांनी मोबाईल वर धरले.

माझा दिवस! ज्यासाठी जन्मलो ते समोर पसरलेलं होतं. ट्रॅक्टर सुरू झाला, पातं फिरलं आणि गारांचा पांढरा फवारा नळकांड्यातून उंच गेला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. सुभेदार हसत होते. काठी भिंतीला टेकलेली होती, तिथेच राहिली.

"आवं, आदी काठी फिरवा!" बनुबाई ओट्यावरून ओरडल्या. माझ्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. पण मी कसा थांबणार?

त्यांची कालवड बाहेर बांधलेली असायची. गारा सुरू झाल्या तशी ती खुंटी उपटून गोठ्यात पळाली होती. तिच्या गळ्यातलं लांब दावं मागे अंगणात लोळत राहिलं आणि गारांनी झाकलं गेलं. ते दावं माझ्या पात्यात आलं.

पात्याने ते गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा वेढा. गोठ्याच्या दारात कालवड हंबरली. तिचे पुढचे पाय गारांवरून घसरत यायला लागले, मान ताणली गेली. सुभेदार नळकांड्याच्या टोकाकडे बघत होते, फवाऱ्याकडे. बनुबाई धावत आल्या. त्यांनी ताणलेलं दावं उजव्या हाताने गच्च धरलं आणि सगळं अंग मागे टाकलं.

मित्रांनो, कच्चा बोल्ट असता तर त्या क्षणी टक्क असा आवाज झाला असता. एवढाच आवाज. पातं थांबलं असतं, धोंडीबा म्हणाला असता, बसला रं बर्फवाला, आणि सगळे हसले असते. मी त्या आवाजाची वाट बघत होतो. पक्का बोल्ट तुटला नाही. दाव्याचा पीळ त्यांच्या बोटांभोवती बसला.

सुभेदारांनी किंकाळी ऐकली आणि क्लच दाबला. धोंडीबाने कोयता आणून दावं तोडलं. कालवड वाचली. बनुबाईंची दोन बोटं गेली. तीच दोन, ग्रीसची.

सांगलीच्या दवाखान्यातून तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. माणसं भेटायला आली, ओट्यावर बसली. कुणीतरी म्हणालं, "पर तू दाव्याला हात कशापायी घातलास गं?"

"मला वाटलं, बोल्ट तुटंल," त्या म्हणाल्या. "आता तुटंल, आता तुटंल म्हणून धरून ऱ्हायले."

सुभेदार तिथेच बसले होते. ते उठून गोठ्याकडे गेले.

पुढे गावात बोललं जायला लागलं, की मशीनच पनवती आहे. बर्फाची वस्तू उसात आणायचीच नव्हती. सुभेदार तेही ऐकून घेत. मीही ताडपत्रीखाली ऐकत होतो. बोल मला लागत होता, त्याचं काही नाही, पत्र्याला किती लागणार! पण आम्हा दोघांनाच ठाऊक असलेली ती काळी वस्तू माझ्या पोटात तशीच होती आणि ती गंजतही नव्हती.

पावसाळा संपल्यावर भंगारवाल्याचा टेंपो आला. सुभेदारांनीच बोलावला होता. धोंडीबा आणि दोघं-तिघं मला ढकलायला आले. तेवढ्यात बनुबाई घरातून आल्या, डाव्या हातात पाना, काखेत बिस्किटाचा डबा.

"थांबा. त्यातला माझा बोल्ट काढून घिते. चांगला हाय त्यो."

त्यांनी डाव्या हाताने पाना लावला. नट सुटला आणि बोल्ट त्यांच्या तळव्यावर पडला. त्या बघतच राहिल्या. मग डबा उघडून त्यातला एक बोल्ट काढला आणि काळ्या बोल्टाशेजारी ठेवला. एक फिकट, हलका. दुसरा काळा, जड. त्यांनी दोन्ही बोल्ट पुन्हा पुन्हा बघितले. कुणाकडे वर बघितलं नाही.

"बनू, त्यो मी घातला," सुभेदार म्हणाले. सगळ्यांसमोर, मोठ्याने, हजेरी देतात तसं. "दिवाळीत. मशीनची काय चूक न्हाई. माणसं हसत्यात म्हणून मी घातला."

धोंडीबाने हातातली दोरी खाली ठेवली. "हसणारा मी व्हतो," तो म्हणाला.

"मला का न्हाई सांगितलं?" बनुबाईंनी विचारलं.

"लाज वाटली."

"आन आता?"

"आताबी वाटती. लय वाटती."

"वाटू द्या," बनुबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. मग त्या टेंपोवाल्याकडे वळल्या. "जा बाबा तू. ह्ये जायचं न्हाई. ह्ये डोळ्याम्होरनं गेलं, की ही सगळी माणसं इसरत्याल."

म्हणून मी अजून इथे आहे, दांड्यात पुन्हा डब्यातला कच्चा बोल्ट घेऊन. काळा बोल्ट त्या तुटक्या दाव्याच्या तुकड्यात बांधून सुभेदारांनी ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला अडकवला आहे. चालवताना तो त्यांच्या गुडघ्याला लागतो. लागू दे, म्हणतात. कालवडीची आता गाय झाली, पण माझा आवाज आला की ती अजून कान टवकारून मागे सरते. तिला मी काय सांगू?

तुम्हाला मात्र सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरी, रानात, कारखान्यात एखादी वस्तू अशी असेल, की ती तुटते म्हणून बाकीचे वाचतात. तिला नावं ठेवू नका. तिच्या जागी दुसरी घालू नका. आणि कुणी थांबला, की त्याला हसताना जरा बघा, तो काय लपवायला निघालाय ते.

परवा पाचट काढताना ओला गठ्ठा आला आणि माझा बोल्ट तुटला. टक्क. सुभेदार उतरले, किल्ली खिशात टाकली. बांधावर धोंडीबा बसला होता. तो हसला नाही. उठून घरात गेला आणि देवळीतला डबा घेऊन आला. मागून बनुबाई आल्या. त्यांनी उरलेल्या तीन बोटांच्या चिमटीत एक कच्चा बोल्ट उचलला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुटला व्हय?" त्या म्हणाल्या. "लय बरं झालं."