बाराच्या शोची पब्लिक रिॲक्शन

दिग्रसच्या टाकीजला त्या शुक्रवारी आभाळातून उतरलेल्या राक्षसांचा सिनेमा लागला. शंभरावर वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीवरून नव्यानं काढलेला, हिंदीत डब केलेला. ती कादंबरी वाचलेला एकही माणूस टाकीजात नव्हता आणि त्याची कोणाला लाजही नव्हती. आपल्याकडे लाज वाटते ती भलत्याच गोष्टींची.

इंद्रजीत राठोड आणि रजत, दोघांचं मिळून मोबाईलवरचं चॅनल होतं. शो सुटला की दारात माईक धरून उभं राहायचं आणि विचारायचं, कसा वाटला पिक्चर? शहाण्यासारखं बोलणाऱ्याला कुत्रंही पाहत नाही. खेड्यातला कोणी अडखळला, भलतंच बोलला, की तेवढाच तुकडा कापून चॅनलवर टाकायचा. लोक हसतात. इंद्रजीत या कामात पटाईत होता. खेड्यातला माणूस कुठं बोट लावलं की उघडा पडतो, हे त्याला बरोबर माहीत होतं, कारण तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरच वाढला होता.

पण हे रजतला माहीत नव्हतं. रजत कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याला इंद्रजीतनं सांगून ठेवलं होतं की बाप यवतमाळला नोकरीत आहे, आई दिवसभर मालिका पाहते आणि तांड्याची गोरबोली आता घरात कोणाला येत नाही. रजत पुढच्या महिन्यात चॅनल घेऊन पुण्याला जाणार होता. "तुले संग नेतो," तो म्हणाला होता. "तू बोलतो तं कोणाले वाटत नाई खेड्यातला हाय म्हून." एवढ्या एका वाक्यावर इंद्रजीत महिनाभर तरंगत होता. खरी आई, जमनी, तिकडं तांड्यावर तूर सोंगत होती.

सिनेमा सुरू झाला. दोघं मागं बसून पब्लिकचे आवाज टिपत होते. पडद्यावर लंडन पेटलं तशी पुढून आरोळी आली, "अजून जाळ! लय माजले होते!"

"हे आपल्याकडे काहून नाई उतरत बे?"

"कायले उतरतीन? रस्ता पाह्यला काय आपला?"

टाकीज खदखदलं. रजतनं मांडीवर थाप मारली.

शेवटी ते राक्षस आपसूक मरतात. इथल्या हवेतले बारके जंतू त्यांना सोसत नाहीत. एकेक यंत्र कोसळलं, आतलं धूड अर्धवट बाहेर लोंबलं आणि टाकीजात शिट्ट्यांचा पाऊस पडला. त्या शिट्ट्यांत, तिसऱ्या रांगेतून, एका बाईनं सूर धरला. मयतावर बसून धरतात तो. लांब, वर चढणारा, मेलेल्याला नावानं विचारणारा की कोणाच्या पोटचा होतास, इतक्या लांब कशाला आलास.

"अबे, कोण मेलं बे?"

"राक्षसाची आजी आली!"

"मावशे, तेरवी कवा हाय? जेवाले येतो!"

रजतनं मोबाईलची बत्ती तिकडं फिरवली. कांचळीवरचे आरसे चमकले, दंडावरच्या पांढऱ्या बलिया चमकल्या. इंद्रजीतला बत्तीची गरज नव्हती. तो सूर त्यानं आजा गेला तेव्हा ऐकला होता. जमनी होती ती. शेजारी वहिनी, पुष्पा.

"सोनं हाय हे!" रजत कानात ओरडला. "चाल, दारात पकडू!"

पळून जावं, लघवीला जातो म्हणावं, काहीही करावं, असं इंद्रजीतला वाटलं. पण पाय रजतच्या मागं गेले आणि माईकही हातातच राहिला.

जमनी दारातून बाहेर आली. डोळे पुसले, समोर पाहिलं आणि तोंडभर हसली. पोरगं टाकीजपाशी माईक घेऊन बोलतं, हे तिला पुष्पानं मोबाईलवर दाखवलं होतं, तेच पाहायला ती एस्टीनं आली होती. हात पुढं करून दोन पावलं चालली.

इंद्रजीतनं माईक पुढं केला. म्हणाला, "आजी, इकडं पाहा. कॅमेऱ्यात."

स्वतःच्या आईला, आजी.

जमनीचा हात तसाच राहिला. तिनं इंद्रजीतकडं पाहिलं, मग रजतकडं, त्याच्या बुटांकडं. हात मागं घेऊन तिनं घुंगट पुढं ओढला.

"बोला साहेब," ती म्हणाली.

भोवती गर्दी जमली होती. रजतनंच पुढं होऊन विचारलं, "आजी, कायले रडल्या?"

"मेले ना ते."

"अवो, पण माणसं मारून राह्यले होते ते!"

"मारत होते तं मारत होते. मेले तवा पाशी कोणी व्हतं काय त्यायच्या? माही सासू सांगे, आपले लोक बैलायवर मीठ घेऊन फिरत तवा वाटंवर कोणी परका मेला दिसला तं बाया थांबून रडत. तुमी सारे शिट्ट्या मारून राह्यले व्हते. म्हून म्या रडली."

गर्दी पुन्हा हसली. एकानं रडण्याची नक्कल केली. त्याला टाळ्या पडल्या.

"घरी कोण कोण हाय आजी? पोरं काय करतात?"

पुष्पाचं तोंड उघडलं. जमनीनं तिचं मनगट घट्ट आवळलं.

"एक शेती करते."

"अन् दुसरा?"

"दुसरा दूर हाय, साहेब. चांगल्या जागी हाय."

"मंग त्याच्यासाठी बी रडता काय असंच?"

"नाई बावा," जमनी म्हणाली. "जित्या माणसासाठी रडू नाई."

बस. एक शब्द बोलला असता इंद्रजीत, गोरबोलीत आईला म्हणतात तसं याडी म्हटलं असतं, तर काय आभाळ कोसळणार होतं? पुणं हुकलं असतं. बरं झालं असतं. पण तो माईक धरून उभा राहिला. माईक हलला तर आवाज खराब होईल, एवढीच काळजी त्यानं घेतली.

दोघी निघाल्या. जाताना पुष्पानं त्याच्याजवळ थांबून गोरबोलीत हळूच टाकलं. तिळाच्या पोळ्या करून आणल्या होत्या याडीनं, आता तुह्या कॅमेऱ्यालेच खाऊ घाल.

"काय म्हणाली बे ते?" रजतनं विचारलं. "तुले समजते?"

"थोडं थोडं."

"काय म्हणे?"

"म्हणे, पिक्चर बरा होता."

रजत खूश. पानठेल्यावरच बसून त्यानं तुकडा कापला, वर 'राक्षसाची आजी' लिहिलं आणि चॅनलवर टाकला. इंद्रजीतला म्हणाला, तूबी शेअर कर. त्यानं केला. मग पोट दुखतं म्हणून सांगून तो स्टँडवर धावला.

तांड्याची एस्टी सुरू होऊन उभी होती. पुष्पानं त्याला पाहून तोंड फिरवलं. जमनी खिडकीशी होती. इंद्रजीत खिडकीखाली जाऊन उभा राहिला. तळपायापासून कानापर्यंत नुसता जाळ झाला होता.

"याडी," तो म्हणाला.

जमनी एकदम वाकली. रागानं नाही, घाबरून.

"हळू बोल. म्या बरोबर बोलली ना? काही चुकलं तं नाई?" तिनं त्याच्या खांद्यावरून स्टँडच्या फाटकाकडं नजर टाकली. "तुहा साहेब पाहून तं नाई राह्यला?"

आणि इंद्रजीतनं, रजत आलाय का म्हणून, खरंच मान वळवून मागं पाहिलं.