बिअर गार करायचं पाणी

निवृत्त झाल्यावर भालचंद्र आगाशांनी परदेशातल्या मिल्टन गावी, आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये, बिअर बनवायचा घाट घातला. उकळलेला जवाचा काढा झटपट गार व्हावा लागतो, म्हणून त्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं बुडवून नळीतून थंड पाणी खेळवायचं. ते किती सोडायचं हे आता त्यांनी जोडलेलं मशीन ठरवणार होतं. आपण नुसतं खुर्चीत बसायचं.

पण मशीन सारखं बोंब मारायला लागलं, पाणी थांबलं! जरा वेळानं पाणी आपोआप सुरू, की पुन्हा बंद. भालचंद्रांनी सेन्सर बदलला, प्रोग्राम नव्यानं लिहिला, व्हॉल्व्ह विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी वैतागून ते वापरलेलं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपच्या मागोमाग लाँड्री रूममध्ये गेले.

तिथं त्यांची बायको कुमुद पाइप मुडपून बसली होती. भोवती भरलेल्या बादल्या, पातेली, कुकरसुद्धा.

"अगं, हे काय चाललंय?"

"बादली बदलतेय. एवढं चांगलं पाणी गटारात सोडताय? सोलापूरचे दिवस विसरलात वाटतं!"

"आणि ही बादली? बिअर ओतायला धुऊन ठेवली होती मी!"

"मग टाका की ओतून. मी कुठं अडवलंय?"

भालचंद्रांनी तणतणत बादली उचलली, सिंकवर नेऊन तिरकी केली. पाणी काठाशी आलं आणि त्यांचा हात थबकला. बादली हळूच खाली ठेवत ते म्हणाले,

"तो वरचा मोठा टोप रिकामा आहे का गं?"