बहात्तर टक्के

टाकीकडून येणारी, उंदराने कुरतडलेली वायर पियूषने दोन बोटांत धरली आणि मान वर करून पडद्याकडे पाहिलं. वायरचे सरळ दोन तुकडे झाले होते. गच्चीवरच्या टाकीने तळ गाठला होता. आणि पडद्यावरचा मीटर मात्र निळंशार पाणी दाखवत होता, बहात्तर टक्के.

पंपाच्या खोलीत तो एकटाच होता. बाहेर सोसायटीत नुसता गोंधळ उडाला होता. रविवारची सकाळ, तिन्ही इमारतींचे नळ कोरडे, आणि त्यात सोसायटीचे अध्यक्ष विठ्ठलराव यांच्या लेकीचं डोहाळजेवण. पाहुणे येऊन बसलेले आणि हात धुवायला पाणी नाही. पंप सांभाळणारा बहिरू टाकीत डोकवायला गच्चीवर पळाला होता. पियूषने वायरची टोकं सोलली, पीळ देऊन जोडली आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. पडद्यावरचं पाणी सरसर उतरलं आणि चारवर येऊन थांबलं.

तेवढ्यात विठ्ठलराव दारात आले. अंगात रेशमी झब्बा, कपाळावर घाम. त्यांच्या मागोमाग धापा टाकत बहिरू.

"टाकी पार रिकामी हाय," बहिरू म्हणाला.

"ते आम्हाला नळाने सांगितलंय. मोटर का चालू केली नाहीस?"

"बहात्तर हुतं, आप्पा. सकाळी बघितलं म्या. कालबी बहात्तरच हुतं."

विठ्ठलरावांनी पडद्याकडे बोट केलं. "हे बहात्तर आहे?"

बहिरूने पाहिलं. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन पुन्हा पाहिलं. मग डोळे चोळले.

"पियूष, तुझं मशीन बरोबर आहे ना?"

पियूषच्या हातात चिकटपट्टीचं रीळ तसंच होतं. ते त्याने खिशात सारलं.

"हो," तो म्हणाला. "बरोबर दाखवतंय."

खोटं तरी कुठे होतं? त्या घटकेला मीटर अगदी बरोबरच दाखवत होता. माणसाला स्वतःची समजूत काढायला एवढं पुरतं, निदान दुपारपर्यंत तरी.

आता हे मशीन म्हणजे काय, ते सांगायला हवं. पियूष मूळचा परभणीचा. हिंजवडीतली बरी चाललेली नोकरी सोडून तो भुकूममधल्या याच सोसायटीतल्या आपल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत एक सॉफ्टवेअर घडवत बसला होता. कारखान्यांतल्या यंत्रांना हल्ली पडदे असतात. त्यावरची बटणं, मीटर, खटके सगळे एकाच छापाचे, कुठूनतरी तयार आणलेले. पियूषच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला हवं तसं बटण आपणच चितारायचं, ते दाबलं की काय व्हायचं ते बाजूच्या चौकटीत निवडायचं, की झालं. कोडची एक ओळ लिहायला नको. जुईली, त्याची बायको, याला रांगोळीचं मशीन म्हणायची. घर तिच्या पगारावर चाललं होतं, त्यामुळे तिला चिडवायचा हक्क होता.

सोसायटीचा पाण्याचा मीटर हे या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलेलं पहिलं खरं काम. पियूषने तो फुकट बसवून दिला होता. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. धरण एवढ्याशा अंतरावर असून भुकूमच्या सोसायट्या टँकरचं पाणी का पितात, हा प्रश्न इथे फ्लॅट घेणारा कुणी विचारत नाही. पण टाकीत किती पाणी उरलंय, हे मात्र सगळ्यांना क्षणाक्षणाला हवं असतं. तेव्हा मीटरचं भारी कौतुक झालं. त्याच दिवशी पियूषने बहिरूच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "आता गच्चीवर चढायचं काम संपलं. पडदा सांगेल तेवढं ऐकायचं." आणि बहिरूने ते ऐकलं होतं.

चूक कुठे झाली, हे शोधायला पियूषला लॅपटॉप उघडावाही लागला नाही. मीटर चितारताना तो रिकामा असला की भकास दिसतो. म्हणून त्याने सॉफ्टवेअरमध्ये एक सोय ठेवली होती. खरा आकडा येत नसेल तेव्हा नमुन्याचा आकडा दाखवायचा. ही सोय फक्त चितारण्यापुरती होती. प्रत्यक्ष काम सुरू झालं की ती बंद पडायला हवी होती, आणि पियूष ती बंद करायला विसरला होता. वायर तुटली, आकडा येईना, आणि मीटर गुमान आपल्या नमुन्यावर जाऊन बसला.

त्याने दुपारीच ते दुरुस्त केलं. आता वायर निघाली की पडदा लाल होऊन 'टाकीकडून माहिती येत नाही' असं लिहून येणार होतं. काम झालं, पण जेवण गेलं नाही.

"काय झालंय?" जुईलीने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. ती ताट पुढ्यात घेऊन ऐकत राहिली.

"बहात्तरच का रे?"

"तेवढा भरलेला छान दिसतो."

जुईलीने घास खाली ठेवला. "मग जा ना, सांग विठ्ठलरावांना."

"शनिवारी घोटावड्याच्या कारखान्याचे लोक येतायत मीटर बघायला. त्यांनी घेतलं तर तीन वर्षांचं चीज होईल, जुई. आत्ताच बोंब झाली तर..."

"आणि बहिरू?"

"त्याला दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. जास्तीत जास्त काय होईल?"

जास्तीत जास्त काय होईल, ते दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर आलं. येत्या रविवारी सभा, विषय एकच, बहिरूला काढणे. खाली लोकांनी आपापली भर घातली होतीच. पाणी रात्रीचं टँकरवाल्याला विकतो, असं एकाने लिहिलं. दारू पितो, असं दुसऱ्याने. बहिरू कधीमधी पीत असे हे खरं, पण पाणी विकण्याइतकी अक्कल त्याला असती तर तो पंपावर राहिलाच नसता. सोसायटी उभी होती ती जमीन त्याच्या चुलत्यांची. त्यांनी ती विकून भूगावात बंगला बांधला, गाड्या घेतल्या, आणि बिल्डरला सांगून बहिरूच्या पदरात ही नोकरी टाकली. ती गेली तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

पियूष जिन्याने उतरायचं टाळू लागला. लिफ्टने थेट पार्किंगला जायचं, गाडीत बसायचं, पंपाच्या खोलीकडे बघायचं नाही. असा तो बुधवारपर्यंत लपला. बुधवारी बहिरूनेच त्याला गाडीपाशी गाठलं. बहिरूच्या डोळ्यांवर चष्मा होता. काळ्या काड्यांचा, कोरा करकरीत.

"पिरंगुटला जाऊन डोळं तपासून आलो, सायेब," तो ओशाळून म्हणाला. "डॉक्टर म्हनला, नंबर हाय थोडा. तरीच म्हनलं. चाराचं बहात्तर दिसलं मला."

पियूष गाडीची किल्ली चाचपडू लागला. "अरे, तू कशाला..."

"न्हाई, तुमी यवढं चांगलं मशीन फुकट दिलं, आन् माज्यापायी त्याला बोल लागला. लई वाईट वाटलं मला." त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. "आता झ्याक दिसतंय."

सांगायची वेळ तीच होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, दोन वाक्यांचं काम होतं. पियूषने गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, "उशीर होतोय रे, नंतर बोलू." रस्त्याला लागल्यावर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की भूगावपर्यंत त्याने आरशात पाहिलं नाही.

शनिवारी घोटावड्याचे लोक आले. कारखान्याचे व्यवस्थापक इंद्रजित आणि त्यांच्याबरोबर एक इंजिनीअर. विठ्ठलराव यजमान असल्यासारखे पुढे पुढे करत होते. पंपाच्या खोलीत पियूषने मीटर दाखवला, लॅपटॉपवर तिथल्या तिथे एक नवा खटका चितारून तो मोटरला जोडून दाखवला. इंद्रजितना ते आवडलंय, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"रोजच्या वापरात कसं आहे?" त्यांनी विचारलं. "कधी चुकीचं दाखवलंय?"

पियूषने तोंड उघडलं. त्याच्याआधी कोपऱ्यातून बहिरू बोलला.

"कदीच न्हाई, सायेब. मशीन खरं हाय. गेल्या रविवारी पानी संपलं, ती माजी चूक हुती. मशीन चार दावत हुतं, मलाच बहात्तर दिसलं. इचारा आप्पांना."

"खरं आहे," विठ्ठलराव म्हणाले.

इंद्रजित हसले आणि त्यांनी पियूषच्या हातात हात दिला. पुढच्या आठवड्यात कागदपत्रं करू, म्हणाले. पियूषने तो हात हलवला. बहिरू सगळ्यांसाठी चहा आणायला गेला होता.

त्या दिवशी जुईलीने काही विचारलं नाही, आणि तेच त्याला जड गेलं. रविवारी सकाळी त्याने इंद्रजितना फोन लावून सगळं जसंच्या तसं सांगितलं. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "कळवतो." कळवतो म्हणजे काय, ते पियूषला कळत होतं. फोन ठेवल्यावर त्याला आठवड्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. आता सोसायटीत बोलायला काहीच आड येत नव्हतं.

सभा पार्किंगमध्ये होती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. बहिरू खांबाला टेकून उभा होता. विठ्ठलरावांनी विषय मांडला तेव्हा पियूष उठला.

"बहिरूची काही चूक नाही," तो म्हणाला. "वायर तुटली होती. माझा मीटर खोटा आकडा दाखवत होता. मी आधी पोचलो, वायर जोडली आणि तुमच्यासमोर गप्प बसलो. चूक माझी आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "पियूष, तुझं मन मोठं आहे रे."

"मन मोठं नाही. खरं सांगतोय."

"अरे, काल तुझ्या पाहुण्यांसमोर तो स्वतः कबूल झाला," विठ्ठलराव म्हणाले. "मी होतो तिथे. आणि त्या दिवशी मी स्वतः चार पाहिला." ते उठले. "चला, बघूच एकदा."

सगळे पंपाच्या खोलीपाशी गेले. विठ्ठलरावांनी वायर ओढून काढली. पडदा लाल झाला. 'टाकीकडून माहिती येत नाही.'

"बघा," ते म्हणाले. "सरळ सांगतंय की बिचारं."

"हे मी नंतर दुरुस्त केलं. जुनं माझ्या लॅपटॉपवर आहे, आत्ता दाखवतो, चला."

"राहू दे रे." विठ्ठलरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा आवाज पार मऊ झाला होता. "कळलं आम्हाला. गरिबाची नोकरी वाचावी म्हणून एवढं स्वतःवर घेतोस, तर आम्हीही तेवढे वाईट नाही." मग ते वळले. "बहिरू, या माणसामुळे तुला ठेवतोय. ही शेवटची संधी. पुन्हा असं झालं तर पियूषचंही ऐकणार नाही."

"व्हय, आप्पा," बहिरू म्हणाला.

लोक पांगले. जाता जाता दोघातिघांनी पियूषशी हात मिळवला. जुईली एका खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत होती.

बहिरू जवळ आला आणि वाकायला लागला. पियूषने त्याला दंडाला धरून उभं केलं.

"बहिरू, ऐक. मी मघाशी जे बोललो ते खरं आहे. तुला बहात्तर दिसलं, कारण बहात्तरच होतं. तुझे डोळे चांगले आहेत."

बहिरूने चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला कुणी नाहीसं बघून आवाज बारीक केला.

"व्हय, सायेब," तो म्हणाला. "आसंच म्हनू. माज्यापायी यवढ्या लोकांत खोटं बोललात, मी कुनाला सांगनार न्हाई."